सूर करवीरचा, यंत्र परमुलखाचं

अल्लादियाखाँसाहेबांचं गाणं आज कुणालाच ऐकता येत नाही. शाहू महाराजांच्या दरबारचे हे गवई, जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक. पण मागे एकही ध्वनिमुद्रिका नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी मात्र १९७७ साली 'व्हॉयेजर' यानांवरच्या सोनेरी तबकडीत बसून पृथ्वी सोडून गेली. तबकडीवर जगभरातल्या संगीताचे २७ नमुने आहेत, त्यांत भारताचा हा एकच. कोल्हापुरात नांदलेली गायकी इतकी लांब पोचली, ती खाँसाहेबांनी दूर ठेवलेल्या तबकडीच्याच जोरावर!

जागतिकीकरण म्हटलं की आपण १९९१ पासून मोजायला लागतो. संगीताच्या धंद्यात ते त्याआधी नव्वद वर्षं येऊन बसलं होतं. १९०२ मध्ये लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यात उतरला, त्याने गौहरजानचं गाणं मुद्रित केलं आणि तबकड्या छापल्या गेल्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला. गळा इथला, कारखाना तिथला. तासाभराचा राग तीन मिनिटांत आटपायची शिस्तही त्या तबकडीनेच लावली.

कोल्हापूरकरांनी परकं यंत्र नाकारलं नाही, उलट पटकन हाताळलं. १९२९ मध्ये इथेच 'प्रभात' फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९३२ मध्ये तिने 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट काढला. संगीत गोविंदराव टेंबे यांचं, हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच. ज्या पेटीवर टेंब्यांनी नाव कमावलं, ती तरी कुठली? युरोपातलीच. पुढच्याच वर्षी 'प्रभात' पुण्याला गेली.

खरा प्रश्न यंत्राचा नव्हे, हक्काचा आहे. 'पिंजरा'ची गाणी लिहिणारे जगदीश खेबुडकर पेशाने शिक्षक, राहिले कोल्हापुरात. त्यांची गाणी तबकडी, आकाशवाणी, कॅसेट, सीडी, मोबाइल असं सगळं ओलांडत गेली. गीतकार-संगीतकारांना स्वामित्वधनातला समान वाटा सोडून देता येणार नाही, अशी तरतूद कॉपीराइट कायद्यात झाली २०१२ मध्ये. खेबुडकर २०११ मध्ये गेले होते.

त्यानंतरच्या पिढीचा आत्मविश्वास वेगळा. 'सैराट'साठी (२०१६) अजय-अतुल यांनी हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर तिथला वाद्यवृंद वाजवून घेतला. करमाळ्याच्या मातीतली गोष्ट आणि तिला पाश्चात्त्य सिम्फनीची साथ. मराठी प्रेक्षकाला त्यात काही खटकलं नाही. दोन वर्षांनी 'झिंगाट' हिंदीत 'धडक'मध्ये गेलं. तेच गाणं गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीवर वाजतं तेव्हा मात्र हलगी-घुमक्याची जोडी मागे सरते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. कोल्हापूरच्या मिरवणुकीत उभं राहून ती आठवावी म्हटलं तरी आपलाच विचार आपल्याला ऐकू येत नाही. हलगीवाल्याची सुपारी जाते, ती परत कुणी आणून देत नाही.

शेजारच्या मिरजेत तर हा हिशेब बोटांवर मोजता येतो. फरीदसाहेब सतारमेकरांपासून चालत आलेली इथली तंतुवाद्यं पंढरपूर भागातल्या भोपळ्यांतून घडतात. भोपळा वाळवायचा, कापायचा, लाकडाची दांडी जोडायची, शेवटी घोडी घासून तार गुंजवणारी जवारी काढायची. ती कानानेच निघते. १९६५ मध्ये बीटल्सच्या गाण्यात सतार वाजली, रविशंकर जगभर गाजले आणि सतारीला परदेशी गिऱ्हाईक मिळालं. मग १९७९ च्या सुमारास बेंगळुरूत इलेक्ट्रॉनिक तानपुरा निघाला, पुढे तो फोनमध्ये शिरला. रियाज करणाऱ्याची सोय झाली हे खरं. प्रवासात चार तारांचा डोलारा कोण सांभाळणार? पण नव्या विद्यार्थ्याने तानपुरा लावायला शिकणंच सोडलं, तर जवारी काढणाऱ्याचा हात कशावर चालायचा?

मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याने नावाची नक्कल रोखता येते, फोनमधला तानपुरा नव्हे. घरात गाणं शिकणारं मूल असेल, तर पुढच्या सुट्टीत त्याला मिरजेच्या सतारमेकर गल्लीत न्यावं आणि परवडत असेल तर तिथून एक तानपुरा घेऊनच यावं.