केळशीच्या पावसातले खुराडे

पावसाळ्यात गावठी कोंबड्या मेल्या की कोकणात दोष दिला जातो तो मानमोडीला, नाहीतर मुंगसाला. पुष्कळदा तो खराही असतो. पण तिसरा आरोपी सहसा सुटून जातो, तो म्हणजे खुराड्यातला ओलावा.

दापोली तालुक्यातील केळशी येथे आमच्या काकूंचे जुने खुराडे चिऱ्यांचे होते. चारी बाजूंनी बंद, पुढे फळीचे दार. मुंगसाची आत शिरायची बिशाद नव्हती. पण आषाढात सकाळी दार उघडले की डोळे चुरचुरत. अंड्यांचे पैसे ही काकूंची स्वतःच्या हातातली एकमेव मिळकत. दोन पावसाळ्यांत निम्म्या कोंबड्या गेल्या, तेव्हा नवे खुराडे बांधायचे ठरले.

आधी थोडे गणित करू. २५ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे २३ ग्रॅम बाष्प मावते. जुलैतल्या रात्री सापेक्ष आर्द्रता ९० टक्के धरली, तर त्यातले २१ ग्रॅम आधीच भरलेले असतात. उरली जागा दोन ग्रॅमची. कोंबडीला घर्मग्रंथी नसतात; ती श्वासावाटे बरेच बाष्प बाहेर टाकते. एक कोंबडी तासाला दोन ग्रॅम बाष्प सोडते असे मानले, तर घनमीटरभर खुराड्यातल्या बारा कोंबड्या ती जागा पाच मिनिटांत भरून काढतील! त्यांच्या अंगच्या उष्णतेने हवा तापून थोडे अधिक बाष्प सामावते खरे, आणि अशी उबदार, दमट हवा हलकी होऊन वरही जाते. पण वर वाट नसेल तर ती जाणार कोठे?

दुसरे पाणी विष्ठेतले. तिच्यात सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते. विष्ठेवरचा पांढरा थर युरिक आम्लाचा. ओलाव्यात जीवाणू त्याचे विघटन करतात व अमोनिया सुटतो. दहा लाख भाग हवेत अमोनियाचे २५ भाग झाले तरी कोंबडीच्या डोळ्यांना व श्वासनलिकेला त्रास होऊ लागतो, आणि दुखावलेल्या श्वासनलिकेत रोगजंतूंचे फावते. म्हणजे पहिला आणि तिसरा आरोपी संगनमताने काम करतात.

बाहेरची हवाच दमट असल्याने नुसती खिडकी ठेवून विष्ठा वाळत नाही. ती कोंबड्यांपासून दूर पडली पाहिजे. म्हणून जमीनच नको असे ठरले. चार सुरूचे खांब, वाळवीसाठी बुडाशी चिरे, आणि कमरेच्या उंचीवर बांबूच्या कामट्यांचा तळ. कामट्यांत बोटभर फट. मुंगूस आणि उंदीर चढू नयेत म्हणून खांबांना मध्यावर गुळगुळीत पत्रा गुंडाळला. पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून ती बाजू फळ्यांची, बाकी तिन्ही बाजूंना बारीक जाळी. छपराखाली दोन्ही अंगांना वीतभर जागा मोकळी, तीही जाळी लावून. पागोळ्या दूर पडतील इतके छप्पर पुढे काढलेले. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या किनाऱ्यावर कौले आणि पत्रे कसे उडाले ते सर्वांनी पाहिले होते. त्यामुळे वासे खांबांना तारेने आवळण्याबद्दल कोणी वाद घातला नाही.

काम सावडीने झाले. सुतारकाम जाणणारे एक शेजारी, थोरले बंधू, त्यांची दोन मुले, असे आम्ही तीन दिवस खपलो. पुतण्याने जुन्या खुराड्यात पुळणीवरची वाळू पसरण्याचे सुचवले होते. त्या वाळूतले मीठ हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून ती बाद. वाळू पुळणीवरच राहिलेली बरी, हे वेगळेच. सर्वांत मोलाची सूचना काकूंची: अंड्यांची टोपली बसायच्या दांड्याच्या खाली हवी. कोंबड्या रात्री सर्वांत उंच जागा शोधतात. टोपली वर असेल तर टोपलीतच झोपतात आणि अंडी घाण करतात. झाडावर रात्र काढणाऱ्या रानकोंबड्यांचा हा वारसा. (पाळीव कोंबडीच्या पिवळ्या पायांचा जनुक सह्याद्रीतही आढळणाऱ्या राखी रानकोंबड्याकडून आला, असे २००८ साली दाखवण्यात आले आहे.) एका कोंबडीला वीतभर दांडा पुरतो.

विद्यार्थ्यांना एक प्रयोग देता येईल. तांबडा लिटमस कागद ओला करून पहाटे, दार उघडण्यापूर्वी, कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर धरावा. तो किती वेळात निळा होतो ते गावातल्या निरनिराळ्या खुराड्यांत मोजावे. काकूंच्या जुन्या खुराड्यात तो पाहता पाहता निळा होई. नव्यात बराच वेळ तांबडाच राहतो. मात्र मानमोडीची लस टोचून घ्यावीच लागते. वारा विषाणूला मारत नाही. आणि पिल्लांचे पाय फटीत अडकतात, तेव्हा ती आईसह निराळी, भाताच्या कोरड्या तुसावर, डालग्याखाली ठेवावीत.

तळाखाली साठलेली विष्ठा आठवड्याला काढून पालापाचोळ्यात कुजवतात आणि मग माडाच्या आळ्यात घालतात. ताजी घातली तर त्याच अमोनियाने मुळे पोळतात.