झाडीपट्टीच्या मंडपात गिटार: पिकअप किती, माइक किती?

नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाल्यावर ज्या झाडीपट्टी रंगभूमीचे नाव उर्वरित महाराष्ट्रात पुन्हा चर्चेत आले, तिचे केंद्र गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजेच देसाईगंज, येथे असून धानाची कापणी उरकल्यावर चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावोगावी तिचे संगीतप्रधान खेळ रात्रभर रंगतात. अशा उघड्या मंडपात अकूस्टिक गिटार, म्हणजे पोकळ लाकडी पेटीमुळे विजेवाचून वाजणारी गिटार, साथीला घ्यायची झाल्यास तिचा मूळचा नाजूक आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचा कसा, हा प्रश्न उभा राहतो.

त्याचे एक उत्तर पिझो पिकअप हे आहे. दाब पडताच काही स्फटिकांत विद्युतभार निर्माण होतो, हा गुणधर्म जाक व पिएर क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिला. त्याच तत्त्वावरची बारीक पट्टी, तारा जिच्यावर टेकतात त्या सॅडलखाली बसवली, की कंपनांचे थेट विजेच्या संकेतात रूपांतर होते. हा आवाज ठाशीव असतो आणि शेजारच्या ढोलकीचा गलका त्यात फारसा शिरत नाही. मात्र जोराने छेडल्यास तो कोरडा, काहीसा प्लास्टिकसारखा लागतो. पेटीत बसवलेला छोटा कंडेन्सर माइक उलट आतल्या हवेचा व लाकडाचा घुमारा टिपतो, पण पेटीची हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास स्वतःच घुमत असल्याने कर्ण्याचा आवाज पुन्हा पेटीत शिरून फीडबॅक, म्हणजे न थांबणारी हूं किंवा शिट्टी, लवकर सुरू होतो.

म्हणून दोन्ही मिसळतात. पण निम्मे-निम्मे हे प्रमाण मंडपात टिकत नाही. खर्जाचा भार पिकअपवर सोपवून माइकमधला सुमारे २५० हर्ट्झखालचा भाग कापून टाकावा आणि उरलेला माइक चवीपुरताच वाढवावा, हे अधिक शहाणपणाचे. त्यातही एक मेख आहे. माइकपर्यंतचे अंतर हवेतून कापताना ध्वनीला उशीर होतो. ते १७ सेंटिमीटर धरले, तर हा उशीर जवळपास अर्धा मिलिसेकंद भरतो, आणि १००० हर्ट्झच्या आसपास दोन्ही संकेत एकमेकांना मारू लागतात. स्वतंत्रपणे गोड वाटणारे दोन आवाज एकत्र येताच पातळ का होतात, याचे कारण बहुधा हेच असते. अशा वेळी प्रीअँपवरील, म्हणजे संकेत वाढवणाऱ्या उपकरणावरील, फेजचे (संकेत उलटा करणारे) बटण दाबून ज्या बाजूला खर्ज भरीव वाटेल ती बाजू कायम ठेवावी. या बटणाने उशीर नाहीसा होत नाही, फक्त दोन संकेत एकमेकांना कोठे मारतात ती जागा बदलते. शिट्टी तरीही थांबली नाही, तर गिटारच्या तोंडात रबरी झाकण बसवणे हा स्वस्त उपाय आहे.

मिश्रण संध्याकाळी रिकाम्या मंडपात ठरवून मोकळे होऊ नये: माणसे बसली की तीव्र स्वर शोषले जातात, आणि मध्यरात्रीनंतर गारठ्याने तारा आखडून सूर चढतो, म्हणून मध्यंतरात गिटार पुन्हा लावून माइकचे प्रमाणही पुन्हा तपासावे.