खडा बसवण्याआधी काढण्याचा विचार

दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावात कान टोचून घ्यायला कुणी डॉक्टरकडे धाव घेत नाही. सोनार तार घालतो, घरातली म्हातारी खोबरेल तेलात हळद कालवून लावते आणि दीड-दोन महिन्यांत पाळी बरी होते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या या सवयीमुळे गळ्याखालच्या हाडाजवळ, मानेवर किंवा गालावर एकटाच चमकणारा खडा मोबाइलवर पाहिला, की तेही कान टोचण्यातलाच एक प्रकार वाटते. या खड्याला डर्मल पिअर्सिंग म्हणतात. त्याला माझा विरोध नाही, पण कानाचा अनुभव त्याला लावणे चूक आहे. तो कुठे शोभेल हे ठरवण्याआधी, काढायची वेळ आली तर काढणार कोण, हे ठरले पाहिजे.

कानाच्या किंवा नाकाच्या छिद्राला दोन तोंडे असतात. दागिना एका बाजूने जातो, दुसऱ्या बाजूने निघतो. नको झाला तर घरच्या घरी काढता येतो. डर्मलला एकच तोंड असते. सुईने किंवा त्वचेचा बारीक गोल तुकडा काढणाऱ्या हत्याराने कातडीत खळगा करतात आणि त्यात धातूची छोटी चपटी पट्टी आडवी सरकवतात. पट्टीला भोके असतात. काही आठवड्यांत त्या भोकांतून ऊती वाढतात आणि पट्टी जमिनीत पुरलेल्या खुंट्यासारखी धरून ठेवतात. वर दिसणारा खडा या पट्टीच्या दांडीवर आट्यांनी बसवलेला असतो. खडा बदलता येतो, पट्टी मात्र ओढून निघत नाही. शिवाय शरीर तिला परकीच मानते. अनेकांच्या बाबतीत काही महिन्यांनी वा वर्षांनी ती हळूहळू वर ढकलली जाते, भोवतीची कातडी पातळ आणि लाल होते, आणि वेळीच काढली नाही तर मोठा व्रण उरतो.

‘आपल्याकडे हे हजारो वर्षे चालत आले आहे,’ असे कुणी म्हणेल. परंपरेचीच साक्ष काढू. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सोळावा अध्याय कान टोचण्याचा आहे. पाळीतून सूर्यप्रकाश आरपार दिसतो तिथे टोचावे, असे तो सांगतो. फार रक्त आले किंवा वेदना झाली, तर जागा चुकली असे समजावे. त्याच अध्यायात फाटलेली पाळी जोडण्याच्या पंधरा पद्धती आहेत. म्हणजे टोचणे आणि बिघडले तर दुरुस्त करणे, या गोष्टी त्या वैद्याने वेगळ्या केल्याच नाहीत. दागिन्यांच्या घडणीतही असाच विचार दिसतो. जड झुमक्याचे वजन पाळीवर पडू नये म्हणून वेल केसांत अडकवतात. यवतमाळ-वाशीम भागातल्या बंजारा स्त्रियांची चांदीची घुगरी-टोपलीही केसांतच गुंफलेली असते. डर्मलची जागा उन्हात धरून पाहता येत नाही. आणि त्यावर ओढणी किंवा पदर अडकला, तर सगळा ताण कातडीच सोसते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आता शरीरात बसवण्याच्या दर्जाचे टायटॅनियम मिळते, सुया एकदाच वापरून टाकतात, चांगल्या ठिकाणी हत्यारे वाफेने निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्हही असतो. हे खरे आहे, आणि यातले एक जरी नसेल तरी तिथून उठून यावे. निकेल मिसळलेल्या स्वस्त धातूने खाज आणि पुरळ येते. हत्यार निर्जंतुक नसेल तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचा धोका असतो. पण उत्तम धातू आणि स्वच्छ सुई जंतूंची काळजी घेते, पट्टी वर सरकण्याची नाही, की केलॉइडची नाही. केलॉइड म्हणजे जखमेबाहेर वाढत जाणारा कडक, फुगीर व्रण. तो सावळ्या कातडीत अधिक आढळतो आणि छाती-खांदा या त्याच्या आवडत्या जागा. घरात कुणाला तो झाला असेल, तर हा नाद सोडावा.

निगा मात्र सोपी आहे, आपल्या हाताला ती फारच थोडी वाटते एवढेच. दिवसातून एक-दोनदा औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या निर्जंतुक सलाइनने धुवावे आणि स्वच्छ कागदी रुमालाने टिपावे. हळद, तेल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड काहीही लावू नये, खडा फिरवू नये. पूर्ण भरून येईपर्यंत, म्हणजे साधारण एक ते तीन महिने, नदी-तलावात पोहू नये. मे महिन्यातल्या वैदर्भी घामात कपडा घासत राहणार असेल, तर मुहूर्त हिवाळ्यावर ढकलावा. एमआरआय करायची वेळ आली तर आत पट्टी आहे हे आधी सांगावे. आणि टोचल्यावर वर्षभर रक्तदान करता येत नाही.

‘शरीर माझे, निर्णय माझा’ यावर वाद नाही. पण पुण्या-नागपुरात बसवून घेतलेला खडा बिघडतो तो गावी परतल्यावर. पट्टी काढायला बधिर करून बारीकसा छेद घ्यावा लागू शकतो, आणि ते काम ब्लेड-चिमट्याचे नाही. लाली पसरली, पू आला, ताप चढला, तर स्वतः ओढू नका, डॉक्टर गाठा. दारव्ह्याहून यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय चाळीसेक किलोमीटरवर आहे. पैसे मोजण्याआधी बसवणाऱ्याला विचारा, बिघडले तर काय करायचे. त्याला उत्तर देता आले नाही, तर त्याच्याकडून बसवून घेऊ नका.