कंबरेतून वळणारा ट्रॅक्टर

जर्मनीतील मेट्झिंगेन हे द्राक्षमळ्यांचे गाव. तेथील होल्डर कंपनीने १९५० च्या दशकात मध्यभागी दुमडून वळणारा, चारही चाकांनी ओढणारा लहान डिझेल ट्रॅक्टर बाजारात आणला. अरुंद ओळींतून सहज वळणारे असे यंत्र बागेपुरते स्वतः बांधण्याची हौस आजही अनेक कारागिरांना असते. त्यांची खरी कसोटी मधल्या सांध्यापाशी लागते.

या सांध्याला दोन हालचाली हव्यात. उभ्या खिळीभोवती ट्रॅक्टर वळतो. लांबीच्या अक्षाभोवती पुढचा व मागचा भाग स्वतंत्रपणे कलतात, म्हणून खाचखळग्यांतही चारही चाके जमिनीला टेकून राहतात. शक्ती वाहणाऱ्या शाफ्टचे दोन युनिव्हर्सल जॉइंट खिळीपासून समान अंतरावर असावेत. म्हणजे वळताना दोन्हींचे कोन सारखे राहून झटके बसत नाहीत. दोन्ही अ‍ॅक्सलांचे गिअर-प्रमाण व चाकांचा व्यास सारखा नसेल, तर टणक जमिनीवर अ‍ॅक्सल एकमेकांशी झुंजतात आणि गिअर झिजतात.

जुने अ‍ॅक्सल व इंजिन वापरून खर्च वाचविणे शहाणपणाचेच आहे. मात्र दोन ठिकाणी काटकसर नको. उतारावर वळलेल्या यंत्राचा तोल लवकर ढळतो, म्हणून चालकासाठी मजबूत संरक्षक कमान आणि पट्टा हवा. दोन भागांमधील फट वळताना क्षणात मिटते. दुरुस्ती करणाऱ्याचा हात त्यात सापडू नये म्हणून सांधा जखडणारा दांडा हवा. असा ट्रॅक्टर बांधून घेणाऱ्याने पैसे चुकते करण्यापूर्वी या दोन गोष्टी स्वतः पाहाव्यात.