दहा हजारांची मर्यादा

डिसेंबर 2017 च्या शेवटच्या आठवड्यात न्यूयॉर्क-न्यू जर्सीतल्या करकार्यालयांबाहेर लोक पुढच्या वर्षाची घरपट्टी आगाऊ भरायला रांगा लावून उभे होते. 22 तारखेला ट्रम्प यांनी नव्या करकायद्यावर सही केली होती. राज्याचा प्राप्तिकर आणि घरपट्टी यांची फेडरल करात 1913 पासून मिळणारी वजावट 2018 पासून 10,000 डॉलरवर थांबणार होती. 27 तारखेला आयआरएसने, म्हणजे फेडरल करखात्याने, खुलासा केला की, ज्या पट्टीची आकारणी अजून झालेलीच नाही, तिचे आगाऊ पैसे भरून वजावट मिळणार नाही. अनेकांचा हेलपाटा फुकट गेला.

मर्यादेची खोच अशी की एकट्याला 10,000 आणि नवराबायकोला मिळूनही तेवढेच. महागाई वाढली तरी आकडा जागचा हलणार नव्हता. न्यू जर्सीच्या एडिसन-प्लेन्सबरो भागातली मराठी कुटुंबं शाळा बघून घर घेतात, आणि तिथे घरपट्टीचा मोठा वाटा शाळांकडेच जातो. दोन पगारांचं घर धरा: घरपट्टी 12,000, राज्याचा कर 9,000, कर्जाचं व्याज 15,000. पूर्वी वजावट 36,000 झाली असती, आता 25,000. काही हिशेब न दाखवता जोडप्याला मिळणारी सरसकट वजावट 24,000 केलेली, म्हणजे एवढे कागद जपून हाती लागले जास्तीचे हजार! अर्थात कराचे दरही उतरले होते, आणि एएमटी नावाच्या पर्यायी करामुळे बऱ्याच वरच्या पगारदारांना ही वजावट आधीही पुरती मिळत नव्हती. आरडाओरडा झाला तेवढं नुकसान सगळ्यांचं झालं नाही.

राज्यांनी पळवाटा शोधल्या. कर ‘देणगी’ म्हणून घ्यायची युक्ती आयआरएसने 2019 मध्ये मोडून काढली. चार राज्यं मर्यादेविरुद्ध कोर्टात गेली, हरली. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाही नकार दिला. भागीदारीतल्या धंद्यांना मात्र वाट सापडली: राज्याचा कर मालकाऐवजी धंद्यानेच भरायचा, की मर्यादा लागूच होत नाही. 2020 मध्ये आयआरएसने त्याला मान्यता दिली. पगारदाराला असं दार कुठलं?

जुलै 2025 च्या कायद्याने मर्यादा त्या वर्षापासून सुमारे 40,000 केली. उत्पन्न सुमारे पाच लाखांवर गेलं की ती घटत जाते, सुमारे सहा लाखांना पुन्हा 10,000. आणि 2030 पासून सगळ्यांनाच 10,000. धंदेवाल्यांची वाट या कायद्यानेही तशीच मोकळी ठेवली आहे, तिला मुदतही नाही.