गोंदियाहून अधिवेशनाला निघताना

समाजाच्या अधिवेशनाची निमंत्रणपत्रिका गोंदियातील दुकानात येते, गल्ल्याशेजारच्या कागदांत जाऊन बसते आणि पुष्कळदा तारीख उलटून गेल्यावरच हाती लागते. यामागे अनास्था असते असे नाही, अंतर असते. मोठी अधिवेशने बहुधा पुण्यात, मुंबईत किंवा कोल्हापूर-सांगलीकडे भरतात. साताऱ्याच्या व्यापाऱ्याला पुण्याच्या अधिवेशनाला सकाळी निघून रात्री घरी परतता येते; आमगाव, देवरी किंवा अर्जुनी मोरगावच्या व्यापाऱ्याला त्याच एका दिवसाच्या कार्यक्रमासाठी चार दिवस दुकान दुसऱ्याच्या हाती सोपवावे लागते. परिणाम असा की, जेथे ठराव होतात तेथे पूर्व विदर्भातील छोट्या गावाचा माणूस क्वचितच असतो. आणि जो जातो तोही मंडपाच्या मागच्या रांगेत बसून, भोजन करून, चार सोयऱ्यांना भेटून परततो. एवढ्यासाठी एवढा खर्च करणे कोणत्याही हिशेबात बसणारे नाही. जायचे तर तयारीनेच जावे.

कारण अधिवेशनांतून कामे उभी राहिली आहेत, हा इतिहास आहे. दक्षिण भारत जैन सभेची स्थापना १८९९ साली निपाणीजवळील स्तवनिधी येथे झाली. श्वेतांबर समाजाची पहिली कॉन्फरन्स १९०२ साली मारवाडातील फलोदी येथे आणि स्थानकवासी समाजाची १९०६ साली मोरबी येथे भरली. त्या काळी बैलगाडी आणि आगगाडी यांखेरीज साधन नव्हते, तरी लोक जमत. दक्षिण भारत जैन सभेने कोल्हापूर, सांगली, बेळगाव, हुबळी येथे विद्यार्थ्यांची वसतिगृहे चालविली आणि खेड्यातील शेतकरी जैन कुटुंबांची मुले तेथे राहून शिकली. अलीकडचे उदाहरण द्यायचे तर १९८५ साली पुण्यात सुरू झालेल्या भारतीय जैन संघटनेने १९९३ च्या लातूर-किल्लारी भूकंपानंतर सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यात आणले. मनुष्यबळ आणि निधी आधीपासून संघटित असल्याखेरीज असे काम होत नाही.

प्रथम तारखेचा विचार. चातुर्मास टाळून अधिवेशने ठरतात, त्यामुळे ती पुष्कळदा हिवाळ्यात येतात. आणि गोंदियाच्या व्यापाऱ्याला नेमका हिवाळाच अडचणीचा. नोव्हेंबरपासून खरिपाचे धान बाजारात उतरते, गिरण्या रात्रंदिवस चालतात, सरकारी भरडाईच्या मुदती अंगावर असतात. धानाशी संबंध नसलेल्या दुकानदाराचीही उलाढाल त्याच महिन्यांत होते, कारण शेतकऱ्याच्या हाती पैसा तेव्हाच येतो. मासिक विवरणपत्रे भरणाऱ्यांनी जीएसटीच्या ११ आणि २० या दोन तारखा लक्षात ठेवूनच प्रवास आखावा. घरातील दोन भावांपैकी एकाने एका वर्षी व दुसऱ्याने पुढच्या वर्षी जाणे, ही सर्वांत सोपी व्यवस्था. मात्र दोघांनी एकमेकांस मागील अधिवेशनाचे कागद सुपूर्द केले पाहिजेत, अन्यथा दरवर्षी नव्याने ओळखी करून घेण्यातच वेळ जातो.

प्रवासाच्या बाबतीत गोंदियाला एक सोय आहे, तिचा लाभ पुरेसा घेतला जात नाही. महाराष्ट्र एक्सप्रेस गोंदियाहूनच सुटते आणि नागपूर, अकोला, जळगाव, मनमाड, पुणे, सांगली, मिरज असा सुमारे १,३५० किलोमीटरांचा प्रवास करून कोल्हापूरला पोहोचते. मुंबईसाठी विदर्भ एक्सप्रेसही गोंदियाहूनच निघते. आरंभस्थानक असल्याने येथे आरक्षणाची संधी मधल्या स्थानकांपेक्षा चांगली असते. आगाऊ आरक्षणाची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवसांवर आली आहे. जुन्या १२० दिवसांच्या हिशेबाने चालणाऱ्यांनी ही नोंद घ्यावी. एका अर्जावर सहाच प्रवाशांचे आरक्षण होते, म्हणून संघातर्फे वीस जण निघणार असतील तर त्यांची चार गटांत विभागणी आधीच करावी आणि वृद्धांना तरुणांच्या गटात घालावे. ज्येष्ठांची भाड्यातील सवलत २०२० पासून बंद आहे. साठी ओलांडलेले पुरुष आणि पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया यांना खालची बर्थ देण्याची तरतूद मात्र आहे, आणि त्यासाठी अर्जात वय अचूक लिहिणे एवढेच पुरते.

आहार-नियम पाळणाऱ्या कुटुंबांची खरी चिंता गाडीतील जेवणाची असते. खाखरा, दशमी, कोरडा नाश्ता हे सर्वांना ठाऊक आहे. पाण्याचा विचार मात्र विसरला जातो. श्वेतांबर परंपरेत उकळलेल्या पाण्याचा काळ हिवाळ्यात चार प्रहर, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन प्रहर मानतात. कोल्हापूरचा प्रवास एका रात्रीहून अधिक वेळेचा. घरून घेतलेले पाणी तेथवर चालणार नाही. नागपूर, अकोला किंवा जळगाव येथे कोणी सोयरे असतील तर डबा आणि पाणी स्थानकावर आणून देण्याविषयी दोन दिवस आधी बोलून ठेवावे. मागायला संकोच वाटतो हे खरे, पण देणाऱ्याला त्यात आनंदच असतो.

सूर्यास्ताविषयीची एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. गोंदिया हे महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, तर कोल्हापूर पश्चिमेला. दोहोंच्या रेखांशांत सुमारे सहा अंशांचे अंतर आहे. एका अंशाला चार मिनिटे धरली तर केवळ यानेच चोवीस मिनिटांचा फरक पडतो, आणि कोल्हापूर दक्षिणेला असल्याने डिसेंबरच्या अखेरीस सूर्यास्ताचा फरक अर्ध्या तासाहून थोडा अधिक होतो. गोंदियाच्या घड्याळाने चौविहार करणारा माणूस तेथे विनाकारण लवकर जेवण उरकतो, हे एकवेळ चालेल. पण पहाटेची बाजू उलट आहे. तेथे सूर्योदय उशिरा होतो, आणि गोंदियाच्या वेळेने नवकारशी पारली तर ती सूर्योदयानंतरच्या ४८ मिनिटांच्या आतच मोडते. पंचांग स्थानिक गावाचेच पाहावे. यजमान संघाने कार्यक्रमपत्रिकेवर त्या दिवसाचा सूर्योदय व सूर्यास्त छापला, तर दूरच्या पाहुण्यांवर मोठे उपकार होतील.

निवासाची नोंद करताना प्रतिनिधी म्हणून नाव जात आहे की प्रेक्षक म्हणून, हे स्पष्ट विचारावे. दोन्हींचे शुल्क व बिल्ला अनेकदा वेगळा असतो, आणि मताचा अधिकार बहुधा प्रतिनिधीलाच असतो. धर्मशाळेपासून मंदिर किंवा उपाश्रय पायी किती अंतरावर आहे, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे. पूजेचे वस्त्र, सामायिकाचे आसन बरोबर असावे.

आता मुख्य गोष्ट. अधिवेशनाचे निर्णय भव्य मंडपात होत नाहीत. ते आदल्या संध्याकाळी, विषय नियामक समितीच्या छोट्या खोलीत होतात. तेथे मसुदे वाचले जातात, शब्द बदलले जातात, काही ठराव वगळले जातात; दुसऱ्या दिवशी खुल्या अधिवेशनात हात वर करून त्यांवर शिक्कामोर्तब होते. ज्याला आपल्या गावचा प्रश्न मांडायचा आहे त्याने एक दिवस आधी पोहोचणे, संघाच्या पत्रशीर्षावर एका पानाचा मसुदा काही आठवडे आधी पाठविणे आणि अनुमोदन देणारा दुसऱ्या जिल्ह्याचा एखादा प्रतिनिधी अगोदर गाठून ठेवणे आवश्यक आहे. सभेत बोलायला तीन मिनिटे मिळाली तरी खूप झाली. त्यांतील एक मिनिट मान्यवरांच्या स्वागतात घालवू नये.

गोंदियाहून न्यायला विषय आहेत. पहिला विषय मुलांच्या शाळेच्या दाखल्याचा. केंद्र सरकारने २७ जानेवारी २०१४ रोजी जैन समाजास अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. परंतु अनेक घरांतील मुलांच्या दाखल्यावर धर्माच्या रकान्यात ‘हिंदू’ आणि जातीच्या रकान्यात ‘जैन’ अशी नोंद आढळते; कोठे ‘हिंदू-जैन’ असेही लिहिलेले असते. प्रवेशाच्या वेळी कोणीतरी घाईने भरलेला तो रकाना पुढे शिष्यवृत्तीच्या किंवा शैक्षणिक कर्जाच्या अर्जाला अडतो. मूल शाळेत शिकत असताना मुख्याध्यापकांमार्फत दुरुस्तीचा अर्ज करता येतो. शाळा सोडल्यावर तीच दुरुस्ती फार कठीण होते. सडक अर्जुनीतल्या एखाद्या किराणा दुकानदाराची मुलगी बारावीनंतर अर्ज भरायला बसते तेव्हा हे लक्षात येते, आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो. पुण्याच्या मोठ्या संघांकडे सल्लागार आहेत, तालुक्यात कोणी नाही. प्रत्येक तालुक्यासाठी अशा कागदांची तपासणी करणारी एक जोडी नेमावी, एवढा छोटा ठरावही पुष्कळ घरांना उपयोगी पडेल. जाणाऱ्याने निदान आपल्या ओळखीच्या घरांतील दाखल्यांच्या छायाप्रती तपासून, किती मुलांच्या नोंदी सदोष आहेत हा आकडा बरोबर न्यावा. आकड्याशिवाय केलेली तक्रार सभेत विरून जाते.

दुसरा विषय तलावांचा. भंडारा-गोंदिया हा तलावांचा प्रदेश. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले मालगुजारी तलाव आजही येथील धानाला पाणी देतात. त्यांपैकी अनेक गाळाने भरले आहेत. भारतीय जैन संघटनेने २०१८ साली बुलढाणा जिल्ह्यात गाळ काढण्यासाठी यंत्रे पुरविली, आणि ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या शासकीय योजनेशी त्या कामाचा मेळ घातला गेला. विदर्भाच्या पश्चिम टोकाला जे झाले ते पूर्व टोकाला मागण्यात गैर काय? मात्र मागणीबरोबर गावाचे नाव, तलावाचे क्षेत्र, ग्रामपंचायतीचा ठराव आणि गाळ स्वखर्चाने वाहून नेण्यास तयार असलेल्या शेतकऱ्यांची यादी हवी. त्या पाण्यावर पिकलेले धानच गोंदियाच्या गिरण्यांत येते, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

कोल्हापूर-सांगलीच्या बाजूला जाणाऱ्यास आणखी एक अनुभव येईल. जैन म्हणजे व्यापारी, ही समजूत तेथे टिकत नाही. तेथील बहुसंख्य जैन शेतकरी आहेत, घरात मराठी बोलतात, ऊस आणि द्राक्षे पिकवितात. त्यांच्याबरोबर पंगतीला बसून बोलण्यात जे कळते ते भाषणांतून कळत नाही. स्त्रियांनी तर अवश्य जावे. महिला परिषदेची सत्रे स्वतंत्र असतात, आणि दुकान कोण सांभाळणार हा प्रश्न केवळ पतीच्या प्रवासाच्या वेळीच विचारला जावा असे नाही.

पैशाविषयी थोडे. व्यासपीठावरून देणगीचे आवाहन होते, शेजारचा उठून आकडा जाहीर करतो, आणि मन भरून येते. समाजात बोललेला शब्द धनादेशाइतकाच पक्का मानला जातो. म्हणूनच देण्याची मर्यादा घरी बसून, सर्वांच्या विचाराने ठरवून निघावे. वर्षानुवर्षे ‘ऐंशी-जी’ या नावाने परिचित असलेली आयकराची सवलत २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीस मिळत नाही, आणि नवी करप्रणाली स्वीकारलेल्यास ती मुळीच मिळत नाही. सवलतीसाठी दान देणारे थोडेच. पण पावती, संस्थेचा पॅन व नोंदणी क्रमांक आणि वर्षअखेरीस देणगीचे प्रमाणपत्र मागून घेणे यात अविश्वास दाखविण्यासारखे काही नाही. परिचय संमेलनासाठी मुलामुलींची माहिती द्यायची असल्यास घरचा पत्ता व उत्पन्न छापील पुस्तिकेत देऊ नये. ती माहिती भेटीनंतर देता येते.

परतीच्या गाडीत निवांत वेळ मिळतो. संमत झालेल्या ठरावांचे कागद, भेटलेल्या माणसांची नावे आणि कोणी काय कबूल केले, हे त्याच वेळी वहीत उतरवून ठेवावे. घरी पोहोचल्यावर दुकान समोर असते. मग ते राहून जाते. येत्या रविवारी संघाच्या बैठकीत ही वही वाचून दाखवावी, आणि ज्यांनी आश्वासने दिली त्यांना पंधरा दिवसांच्या आत पत्र जावे.