नागीण-प्रतिबंधक लस : संरक्षण किती वर्षे?

सातारा-सांगली परिसरात नागीण उठली की आधी गेरूचा लेप होतो, मग गावातील जाणकाराकडून ती ‘उतरवली’ जाते आणि त्यानंतर रुग्ण आपल्याकडे येतो. दोन टोके जुळली की मनुष्य दगावतो, ही समजूत अद्याप पुष्कळ ठिकाणी आहे. वस्तुतः हा विकार बहुधा एका मज्जातंतूच्या क्षेत्रात, शरीराच्या एकाच बाजूस राहतो. खरे भय आहे ते फोड सुकल्यावरही महिनोन्‌महिने छळणाऱ्या वेदनेचे.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात बाहू, पार्श्व व अंस या ठिकाणी पित्तप्रकोपाने होणाऱ्या वेदनायुक्त स्फोटांना ‘कक्षा’ म्हटले आहे. नागिणीशी तिचे साम्य अनेक वैद्य मानतात. आधुनिक मतानुसार कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी सुप्त राहतो आणि उतारवयात प्रतिकारशक्ती क्षीण झाली की उफाळतो.

२०२३ साली ‘शिंग्रिक्स’ ही लस पन्नाशीपुढील व्यक्तींसाठी भारतात आली. तेव्हापासून वृद्ध रुग्ण विचारतात, “एकदा टोचली की जन्मभर पुरते का?” याचे उत्तर देताना दोन लसींची गल्लत होऊ देऊ नये.

पूर्वीची ‘झोस्टाव्हॅक्स’ ही क्षीण केलेल्या जिवंत विषाणूची लस अमेरिकेत २००६ साली मान्य झाली. साठीपुढील व्यक्तींत तिचे संरक्षण सुमारे ५१ टक्के होते. सात ते अकरा वर्षांनी ते सुमारे २१ टक्क्यांवर उतरले. २०२० साली अमेरिकेत तिची विक्री थांबली. परदेशी मुलांकडे राहून आलेल्या काही वृद्धांनी हीच लस घेतलेली असू शकते. त्यांनाही नवी लस घ्यावी लागते.

नव्या लसीत जिवंत विषाणू नसून त्याचे एक प्रथिन आहे. सोबतच्या सहायक द्रव्यात दक्षिण अमेरिकेतील क्विलाया वृक्षाच्या सालीतील सॅपोनिन असते. आपल्या रिठ्याला फेस येतो तो याच वर्गातील द्रव्यांमुळे. आरंभीच्या चाचण्यांत पन्नाशीपुढे सुमारे ९७ टक्के, तर सत्तरीपुढे सुमारे ९० टक्के संरक्षण आढळले. सहाव्या ते अकराव्या वर्षांतही ते एकंदरीत सुमारे ८० टक्के, तर लस घेताना सत्तरी ओलांडलेल्यांत सुमारे ७३ टक्के राहिले. म्हणजे संरक्षण हळूहळू उतरते, पण अकरा वर्षांनीही बऱ्याच प्रमाणात टिकते. तूर्त वर्धक मात्रेची शिफारस नाही.

मात्र हे आकडे दोन्ही मात्रा घेणाऱ्यांचे आहेत. दुसरी मात्रा दोन ते सहा महिन्यांत घ्यावी. लस महाग आहे व राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही; म्हणून दोन्ही मात्रांचा खर्च आरंभीच सांगावा. औषधविक्रेत्यांनी ती २ ते ८ अंश तापमानात ठेवावी. गोठलेली लस वापरू नये.

लस प्रतिबंधासाठी आहे, उठलेल्या नागिणीवरचा तो उपचार नव्हे. विषाणुरोधक औषध ७२ तासांच्या आत सुरू होणे हितावह असते. कपाळ, नाक वा डोळ्याजवळ फोड दिसल्यास रुग्णास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे.